टिनाखालचा माळा

तवा कोन कोन होतं ते आधी सांगते. मी कवतिका. आमच्या घरचे, त्यायचं नाव मी आजवर तोंडानं घेतलं नाई, आता ते गेल्यावर कायले घेऊ. पोरगा पल्हाद. सून शकुन, मुलचेऱ्याकडची, बुटकी, बोलनं कमी. शेजारची ठमाबाई, तिचं तोंड उजाडलं का सुरू होये ते दिवा लागेपर्यंत. बांबूचं काम करनारे पोचूभाऊ, त्यायले एका डोळ्यानं कमी दिसे. अन् शकुनच्या पोटात एक, जे आता चाळिशीची बाई होऊन माह्या समोर पाय पसरून बसलं आहे अन् मी बोलते ते लिहून राह्यलं आहे. तिचं नाव वैशाली, माही नात. मी तिसरी शिकली, तेही अर्धी. वाचता येते, लिहाले बसली का हात कापते. तिले सांगून ठेवलं का माह्यं बोलनं मधात सुधरवू नको.

वैशाख लागला का टिन बोलाले लागते. सकाळी उन थोडं वर चढलं का एक टक्, मंग जराशानं दुसरं, मंग जसं कोनी वर बसून काडीनं ठोकून राह्यलं. संध्याकाळी थंड होताना परत तसंच. माहे कान आता कमी झाले, लोक काय बोलते ते दोनदा इचारा लागते, पन टिनाचा आवाज मले आयकू येते. वासही येते. तापलेल्या टिनाले कोऱ्या बादलीसारखा वास असते. त्याच्यात वाळलेल्या मोहफुलाचा वास मिसळला, तेंदूच्या पानाचा मिसळला, का मी इथी राह्यत नाई. मी जाते तिकडे, त्या वर्षात.

यंदा गेली त्याले कारन झालं समोरचं घर. समोरच्यायनं नवीन टिन टाकलं, लाल रंगाचं, नळी नळीचं. पाह्याले सुंदर आहे, मी नाई म्हनत नाई. त्यायच्या घरी दोन महिन्याचं लेकरू आहे. मी पाह्याले गेली तं पाळना वर लोखंडी पाइपाले टांगलेला, असा उंच का लेकराले घ्याले त्याच्या मायले, त्या पोरीले, टाचा उचला लागे.

मी म्हनली, "बाई, पाळना खालतं घे."

"काऊन आजी? खाली मुंग्या येते नं."

"वरतं गरमी राह्यते."

"पंखा आहे नं आजी, पाच नंबरवर ठेवते मी."

पंखा होता. वरची गरमी खाली ढकलून राह्यला होता. मी पाळन्यापाशी हात नेला अन् तसाच धरून ठेवला. पोरगी हासली. म्हने, "आजी आशीर्वाद देते काय?" मी हात काढला. घरी आली, पानी पेली अन् वैशालीले म्हनलं, कागद घे.

आमचं घर जुनं. मातीच्या भिंती, हातभर जाड, माह्या सासऱ्यानं बांधलेल्या. वर कवेलू होते. कवेलूचं घर म्हंजे दरसाल काम. चिंचेवर वानरं येत, चिंच खात अन् जाता जाता आमच्या घरावरून धावत. एक वानर धावलं का दहा कवेलू फुटत. मंग पान्याच्या आधी घरचे वर चढून ते फेरत, मी खालून एक एक देये, अन् तरी पह्यल्या पान्यात चुलीवर गळे. घरचे म्हनत, एक दिवस या वानरायले दाखवतो. त्यायनं दाखवलं. बल्लारपूरहून टिन आनलं, अर्धा रस्ता ट्रकनं अन् अर्धा रस्ता आपल्या बंडीनं. बंडी गावात शिरली तं टिन असं वाजे का कुत्रे मांगं मांगं. आमच्या मोहल्ल्यात ते पह्यलं टिन. लोक पाह्याले आले. ठमाबाई डोळ्यावर हात धरून म्हने, "भाऊ, चंद्र आनला वाटते घरावर. पाह्यलं का डोळे दुखते." घरचे हासत नसत, पन त्या दिवशी हासले.

आता कवेलूची गोष्ट सांगते. कवेलू फुटत, गळत, पन एकाच्या खालून एक अशी त्याच्यात फट असे. चुलीचा धूर त्याच्यातून निंघून जाये, गरम हवा निंघून जाये. हे आमाले कवेलू होते तवा मालूम नव्हतं. टिन आलं अन् धूर घरात फिराले लागला, तवा वाटलं चूल खराब झाली. मी चूल मोडून दुसरी घातली.

टिनाच्या पह्यल्या सालाले शकुन पह्यल्यांदा बाळंत झाली. चैतात. पोट्टी झाली, काळी, केसायची. नाव ठेवाचं राह्यलं होतं, तेंदूचा सीझन होऊ दे म्हनलं. त्या घरात इच्चू निंघत. माह्या पल्हादले लहानपनी चावला होता, दिवसभर त्यानं जीव खाल्ला होता माहा. म्हनून मी माह्या जुन्या लुगड्याची झोळी केली अन् मयालीले, म्हंजे घराच्या आडव्या लाकडाले बांधली. दोर मी आखूड ठेवला. मीच ठेवला. शकुन बुटकी, तिचा हात पोचे ना, तं ती पाट्यावर उभी राहून लेकराले घेये, ठेवे. दोन-चार दिवसानं मले म्हने, "आत्याबाई, दोर जरासा सैल करता काय?"

मी म्हनली, "खाली इच्चू आहे वं बाई. लेकरू वरच बरं."

ती परत बोलली नाई. सासूले दोनदा म्हनाचा तिचा स्वभाव नव्हता.

तेंदूचा सीझन ज्यायनं पाह्यला नाई त्यायले सांगते. उजेड पडाच्या आधी जंगलात जा, बिडीची पानं तोडा, उन चढाच्या आत डोक्यावर गठ्ठा घेऊन घरी या, मंग मांडवात बसून पुडे बांधा, संध्याकाळी फडीवर, जिथी ठेकेदार पुडे मोजून घेते, तिथी नेऊन द्या. सालभराचे कपडे, मीठ, तेल त्याच्यावरच. घरातलं कोनी रिकामं बसत नाई. अंगनात आमचा जांभळीच्या डांगांचा मांडव होता, त्याच्याखाली आमी सारे पुडे बांधत बसू. नवतपा, म्हंजे उन्हाळ्यातले आगीचे नऊ दिवस, लागला होता. बाहेर झळ अशी का डोळ्यातलं पानी वाळे, म्हनून लेकरू घरात झोळीत. शकुन मधात एकदा जाऊन दूध पाजून आली. मंग दुपार झाली. आमी पानं मोजत होतो. ठमाबाई म्हने, "किती शांत निजली वं तुही नात. माहे तं या वक्ताले घर डोक्यावर घेत."

मी म्हनली, "गुनाची आहे."

ते माहे शब्द आहे. मी ते इसरली नाई.

शकुन उठली, आत गेली, पाट्यावर चढली. तिनं हाक मारली नाई. ती लेकराले घेऊन दारात येऊन उभी राह्यली. आंग तव्यावानी. आमी ओला कपडा गुंडाळला, मांडवात आनलं, पल्हाद सायकलवर कंपाउंडरले आनाले गेला. तो येईपर्यंत झालं होतं. बाकीचं सांगत नाई.

लोक म्हनले, नजर लागली, टिनाले नजर लागली. आमच्यात हे मानत नाई, पन त्या साली घरच्यायनं टिनाच्या कोपऱ्याले फाटकं पायतान बांधलं. पावसात ते भिजून फुगलं, हिवाळ्यात पडलं. परत कोनी बांधलं नाई. शकुननं झोळीचं लुगडं धुतलं, घडी केली अन् पेटीत टाकलं. दोर तसाच मयालीले लोंबे. तोही एक दिवस दिसला नाई, तिनंच काढला असन.

त्याच पावसाळ्यात तिले परत दिवस गेले. सुईन म्हने, पुढच्या नवतप्यात होईन. मी म्हनलं, आता नजर उतरली असन. मी तवाही नजरच म्हनून राह्यली होती.

मंग वैशाखी पुन्नव आली. विहार तवा चार खांबाचा, वर धानाची तनस टाकलेली. भगवान बुद्धाच्या फोटोपुढं प्रत्येक घरची मेनबत्ती लागे. मी मेनबत्त्याचा पुडा आधीच आनून ठेवला होता, अन् उंदरं खाते म्हनून वर भिंतीच्या डोक्यावर, टिनाच्या खाली सारून ठेवला होता. पुडा फाटका होता. ठेवताना त्याच्यातली एक खाली सरकून पडली होती रांजनामांगं, ते मले तवा मालूम नव्हतं.

दुपारी मी पाट्यावर चढून पुडा काढला. मेनबत्त्या मान टाकलेल्या. एकीच्या आंगावर एक निजलेल्या, चिकटलेल्या, जशी माय-लेकरं. मी खाली उतरली, रांजनातून पानी घ्याले वाकली तं मांगं ती एक दिसली. काडीसारखी सरळ. त्याच पुड्यातली. त्याच घरातली.

मी दोन्ही हातात धरून उभी राह्यली. मंग परत पाट्यावर चढली. हात वर केला. चुलीच्या तोंडावर हात धरल्यावानी झालं. थोडा खाली केला तं कमी. आनखी खाली केला तं आनखी कमी. हात वर-खाली करता करता मले मयालीवरचा घासा दिसला, जिथी झोळीचा दोर घासून लाकूड चिकनं झालं होतं. माहा हात त्याच्या जरासाच खाली होता. लेकरू तिथी निजे.

मी पाट्यावरून उतरली अन् खाली बसली. शकुन चुलीपाशी होती. म्हने, "काय झालं आत्याबाई?"

"काई नाई. मेनबत्त्या वाकल्या."

ती आली. वाकलेल्या पाह्यल्या, सरळ पाह्यली. मंग वर मयालीकडे पाह्यलं. मंग पोटावरचा पदर नीट केला अन् चुलीपाशी जाऊन बसली. विहारात मी त्याच वाकड्या मेनबत्त्या घेऊन गेली. उभ्या राह्यत ना. ठमाबाई म्हने, "काऊन वं कवतिका, तुह्या मेनबत्त्याही बुढ्या झाल्या काय?" सारे हासले. मीही हासली असन. सरळ मेनबत्ती मी घरीच ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सारे पत्त्याले, म्हंजे तेंदूच्या पानाले, गेले, मी पोचूभाऊकडे गेली. ते दारात बसून सूप विनत होते. मी म्हनली, टिनाखाली माळा करून पाह्यजे, वीस दिवसात.

"वीस दिवसात?" ते म्हनले. "बाई, बांबू अजून रानात आहे. अन् काल पुन्नव झाली. चांदन्यातला बांबू तोडला का त्याले घुन लागते. सालभरात पीठ होऊन तुह्याच डोक्यावर पडते. अंधारीत चार-सहा दिवस चंद्र उतरू दे, मंग तोडू. मंग महिनाभर बोडीच्या पान्यात भिजू घालाचा."

"महिना नाई भाऊ माह्यापाशी."

"काऊन? कोन राजा येऊन राह्यला?"

त्यायनं चांगल्या डोळ्यानं माह्याकडे पाह्यलं. मागच्या साली ते लेकराच्या मातीले आले होते. म्हनले, "बरं. आठ दिवस भिजवू. बाकीचं तुह्या चुलीचा धूर पाह्यन. धूर लागला का घुन मरते." मंग सुपावर बोट ठेवून म्हनले, "एक आयक. माळा टिनाले चिकटवाचा नाई. मधात हातभर मोकळं ठेवाचं. अन् दोन्ही टोकाले वर खिडकी कापाची. गरमी एका बाजूनं येईन, दुसऱ्या बाजूनं जाईन. तुह्या टिनाले नाक पाडा लागते बाई, दम घुटून राह्यला त्याचा."

घरी बोलली तं घरचे भडकले. "सीझन सोडून चिखल कालवतं? लोक आपलं टिन पाहाले येते अन् तू त्याच्या खाली शेन लावतं?"

"वरून कोनाले दिसते. टिन टिनाच्या जागी आहे."

"मंग काढूनच टाकतो टिन! बोल, काढू?"

"टिन राहू द्या. तुमी जा पत्त्याले. मी नाई येत यंदा."

माह्या लग्नापासून मी एक सीझन सोडला नव्हता. पल्हाद पोटात होता तवाही गेली होती. घरच्यायनं इचारलं, "काऊन पन? कारन तं सांग." मी कारन सांगतलं नाई. कारन सांगाचं तं दोर सांगा लागे. मी म्हनली, "धूर फिरते घरात." ते तनतन करत गेले.

वैशाली इथी थांबली आहे. मले इचारते, आजी, आजोबाले कधीच नाई सांगतलं? नाई बाई. लिही तू.

ते दिवस मले असे आठवते का आता हात खाली केला तं चिखल लागन. बोडी आटली होती, मधात म्हशी बसाएवढं पानी. त्या गाळात पोचूभाऊनं बांबू दाबले, वर दगड ठेवले. आठ दिवसानं काढले तं असा घान वास का ठमाबाई तिच्या घरून वरडे, "काय मेलं वं तुमच्याकडे?" मंग चिरनं. पोचूभाऊ कांब्या चिरत अन् अंगठा फिरवून जाडी पाहत. त्यायले दिसे कमी पन अंगठा चुकत नव्हता. तट्टे विनत तवा कांब्यायचा सर सर आवाज, अन् मांडवात हिरवा वास.

माती बोडीतलीच, पांढरी. तिच्यात धानाचा कोंडा, शेन. पायानं तुडवाची. मी सकाळपासून तुडवू. गुडघ्यापर्यंत थंड लागे अन् डोक्यावर आग. शकुन पोट घेऊन कोंडा चाळे. मी म्हनली बस, तं बसून चाळे. म्हनली निज, तं आयकलं नाई असं करे. तनस आमी दोनदा झोडपली, एक दाना राहू नये म्हनून. दाना राह्यला का उंदीर येते, उंदीर आला का मांगं साप.

ठमाबाई कुंपनावरून पाहे. "काय वं, टिनाचा महाल बांधला अन् आता त्याले गोधडी शिवून राह्यली?" रोज एक नवीन काढे. एका दुपारी मी तुडवता तुडवता बसून गेली, डोळ्यापुढं अंधारी आली. डोळे उघडले तं ठमाबाई लुगडं खोसून चिखलात उभी. म्हने, "माह्या घरी थंडी वाजून राह्यली, म्हनून आली." त्या दिवशीचा सारा चिखल तिनं तुडवला. तिच्या घरच्यायनं तिले फडीवर शोधलं.

पल्हाद पत्त्याहून आला का जेवे अन् घमेलं उचले. मयालीवर आडवे बांबू, त्याच्यावर तट्टे, त्याच्यावर चार बोटं तनस, त्याच्यावर वीतभर माती. माळ्यावर बसून मी माती सारवे. वर डोक्याले टिन लागे, पाठ भाजे. अर्ध्या घरावर माळा झाला तवा असं झालं का घरात उभी राहून एक पाऊल इकडे टाकलं का उन्हाळा अन् एक पाऊल तिकडे टाकलं का सावली. पल्हाद लहान पोरावानी दोन-चारदा इकडून तिकडे झाला.

खिडकी कापाचं राह्यलं होतं. ते काम टिनाच्या टोकाशी, त्याले हात लावाले पल्हाद भिये. म्हने, बाबा मारते मले. एका दिवशी मी पान्याले गेली होती. परत आली तं घरचे शिडीवर, हातात कानस अन् पटाशी, टोकाचा तट्टा कापून राह्यले. पूर्वेकडची खिडकी कापून झाली होती. मी खाली घागर घेऊन उभी राह्यली. त्यायनं माह्याकडे न पाह्यता इचारलं, "एवढी पुरन काय?"

मी म्हनली, "पुरन."

"दुसरी याच मापाची करतो."

एवढंच आमचं त्या माळ्यावर बोलनं.

माती वाळाले चार दिवस लागले. मंग मी ती सरळ मेनबत्ती काढली. दोऱ्यानं बांधून मयालीले टांगली, त्याच घाशाले, त्याच उंचीवर, आता माळ्याच्या खाली. नवतपा सुरू झाला होता. एक दुपार झाली, सरळ. दुसरी दुपार, वर टिन टक टक करे, मेनबत्ती सरळ. तिसऱ्या दुपारी मी तिच्याखाली जमिनीवर निजली अन् वर पाहत राह्यली. किती वेळ ते आठवत नाई. पाठीले जमीन थंड लागे. माह्या डोळ्याले झापड आली, त्या एका सालात मले दिवसा झोप आली नव्हती. उठली तं शकुन दारात उभी, हात कमरेले, चेहरा पिवळा. म्हने, "आत्याबाई, सुईनले बोलवा."

वैशाली झाली. भर दुपारी, नवतप्यात, टिनाच्या घरात. रडली ती अशी का ठमाबाई कुंपनावरून म्हने, "ही नाई गुनाची! आयकलं काय, ही नाई गुनाची!" अन् पदर डोळ्याले लावला.

पाचव्या दिवशी मी पेटीतलं लुगडं काढलं, झोळी बांधावी म्हनून. दोर नवीन आनला होता, लांब. मी मयालीखाली उभी राह्यली, दोर हातात, अन् बांधाले हात वर जाये ना. शकुन खाटेवरून उठली. माह्या हातातला दोर घेतला, गुंडाळला, खुंटीले लावला. मंग सूप घेतलं, पोचूभाऊचं, त्याच्यात लुगडं घडी करून टाकलं अन् लेकराले त्याच्यात ठेवून सूप जमिनीवर ठेवलं. खाटेचे चारही पाय पान्याच्या वाटग्यात ठेवते तशी तिनं सुपाभोवती राखेची गोल रेघ ओढली, इच्चू-मुंग्यायसाठी.

म्हने, "खालीच राहू द्या आत्याबाई. खाली थंड आहे."

तिनं माह्याकडे पाह्यलं नाई. मले तवा समजलं का हिले मालूम आहे. मेनबत्त्या पाह्यल्या त्या दिवशीपासून, का त्याच्याही आधीपासून, दोर सैल करा म्हनली तवापासून. चाळीस सालं ती माह्यासोबत राह्यली. आमी भांडलो, भाजीच्या मिठावरून भांडलो, तिच्या माहेरावरून भांडलो. भांडनात मानूस काय काय काढते. तिनं दोर कधी काढला नाई.

त्या साली पाऊस आला तं टिनाच्या एका खिळ्यातून थेंब थेंब माळ्यावर गळे. आमी दोनदा झोडपलेल्या तनसीत तरी काई दाने राह्यलेच होते. आखाडात एका सकाळी पाह्यते तं तट्ट्याच्या फटीतून पिवळे-पांढरे कोंब खाली लोंबून राह्यले, धानाचे, हातभर लांब. अन् वैशाली सुपात उतानी, डोळे त्याच्यावर, हात हालवून राह्यली. घरचे जेवता जेवता म्हनले, "घे, तुह्या माळ्यानं तं पिकवलं." मंग स्वतः वर जाऊन खिळ्याले डांबर लावलं. त्याच उन्हाळ्यापासून ते दुपारचे आत येऊन निजत, मांडव सोडून. माळा चांगला आहे असं त्यायनं कधी म्हनलं नाई. आत येऊन निजत.

तट्टे मंग दोनदा बदलले. टिन एकदा बदललं. खिडक्या त्याच आहे, त्यायच्या मापाच्या. पोचूभाऊ गेले, ठमाबाई गेली, घरचे गेले. शकुन मागच्या पावसाळ्यात गेली. ती होती तोवर हे बोलाचं माह्या तोंडात आलं नाई. दोघीयले मालूम होतं, मंग कोनाले सांगाचं. आता तिची पोरगी लिहून राह्यली आहे, अन् तिचा हात थांबला आहे केव्हाचा. मी म्हनली लिही. ती उठली, पानी आनलं, मले देल्लं, परत बसली. म्हने, "सांग आजी."

समोरची पोरगी चांगली आहे. तिचा दोष नाई, तिले मुंग्यायचं भेव आहे, मले इच्चूचं होतं. मी आज परत जाईन तिच्याकडे. सोबत मेनबत्ती नेईन.

अन् जो कोनी हे वाचून राह्यला, त्याले माह्यं एवढंच मांगनं आहे. तुमच्या घरी लेकरू जिथी निजते, तितक्या उंचीवर भर दुपारी आपला हात न्या. पंखा बंद करून न्या. शंभर मोजेपर्यंत तिथीच धरा. मधातच हात काढावा वाटला, तं दोर लांब करा.